लाल पेनानं दुरुस्त केलेली वर्षं

आमच्या थोरल्या जाऊबाई मूळच्या मुद्रितशोधक. “छापखान्यात लोकांच्या चुका काढायचा पगार मिळायचा, घरी तेच फुकटात करते,” असं त्या म्हणतात. बाबांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि जाऊबाईंनी नोकरी सोडली.

बोलायचे व्यायाम शिकवायला एक बाई अधूनमधून येत. एरवी सगळं जाऊबाईंच्याच अंगावर. पाणी हवं असेल तर निदान ‘पा’ म्हणायचं, त्याशिवाय पेला पुढे यायचा नाही. बाबा चिडून पेला ढकलत. जाऊबाई फरशी पुसत आणि पेला पुन्हा भरत. त्या ‘पा’चं ‘पाणी’ व्हायला वर्ष गेलं. आता बाबा भांडतातसुद्धा पूर्ण वाक्यात.

झटक्यातून उठलेल्यांना बोलायला शिकवणाऱ्या एका केंद्रात मदतनीस हवी आहे, असं कळलं. जाऊबाईंना तीच नोकरी हवी होती, दुसरी कुठलीच नाही. पण अर्जात मधली सात-आठ वर्षं कोरी!

“कोरी कशाला ठेवायची?” भावजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, म्हणाले. “छापखान्यातली नोकरी गेल्या वर्षापर्यंत ओढू. कोण जातंय बघायला?”

“अहो, मी घरी होते हे अख्ख्या गल्लीला माहितीये.”

“गल्ली घेणारे का मुलाखत?”

जाऊबाई हसून “नको” म्हणाल्या आणि बाबांचं ताट वाढायला उठल्या. कागद टाइप मात्र भावजींनी केला.

मुलाखतीला मी सोबत गेले. बाहेर बाकावर बसल्यावर जाऊबाईंनी सवयीनं ओळीवर बोट ठेवून कागद वाचायला घेतला आणि बोट मधेच थांबलं. भावजींनी आपलंच खरं केलं होतं.

“काय म्हणावं या माणसाला! छापखान्याला कुलूप लागून जमाना झाला. मग मी तिथं कुणाची प्रुफं तपासत होते? उंदरांची?”

“राहू द्या ना ताई आता,” मी कुजबुजले. “आत कुणाला कळणारे?”

“मला कळलंय ना.”

पर्समधून लाल पेन निघालं. खोट्या सालावर रेघ, समासात खूण, शेजारी खरं साल. खालच्या मोकळ्या जागेत त्यांनी लिहिलं, ‘त्यानंतर घरी. सासऱ्यांना पुन्हा बोलायला शिकवलं.’ तेवढ्यात आतून हाक आली.

मधली भिंत फळीची होती, सगळं ऐकू येत होतं.

“हे लाल काय आहे?” केंद्राच्या मुख्य बाईंनी विचारलं.

“यजमानांची चूक. दुरुस्त केलीय.”

“पण घरी आजारी माणूस होतं, असं सांगणारे पुष्कळ येतात हो. तुमचा दाखला कोण देणार?”

“सासरे देतील. लावा फोन. फक्त घाई करायची नाही. शब्द त्यांचा त्यांना शोधू द्यायचा, आपण पुरवायचा नाही.”

फोन लागला. बाईंनी तो स्पीकरवर टाकून विचारलं, “तुमच्या सूनबाईंना कामावर घेऊ का?”

पलीकडे सामसूम. बाई “हॅलो?” म्हणायला गेल्या, तर जाऊबाईंचं “श्शू!” ऐकू आलं. मुलाखत घेणारीलाच श्शू! आटोपलं सगळं, मी मनात म्हटलं.

मग बाबांचा आवाज आला. “नको... घेऊ नका. मग मला... चहा... कोण देणार?”

“अहो बाबा, काय बोलताय! मी देईन ना!” मागून भावजी ओरडले.

बाई खो खो हसत सुटल्या. “नकार पूर्ण वाक्यात, वर प्रश्नही! या सोमवारपासून. महिनाभर काम बघते, मग पक्कं.”

सोमवारी जाऊबाई चपला घालत होत्या. भावजींनी मोठ्या ऐटीत चहाचा कप बाबांच्या हातात दिला. बाबांनी घोट घेतला, कपात पाहिलं आणि सावकाश म्हणाले, “पाणी.”

“पूर्ण वाक्यात, बाबा!” जाऊबाईंनी उंबऱ्यातूनच सांगितलं आणि दार ओढून घेतलं.