म्हातारीचा वाटा

आंबलेल्या गुळाचा आणि गोमूत्राचा वास आला की मला ती सकाळ आठवते. टेंभुर्णीजवळच्या आमच्या गावात बायकांच्या गटाची एक सामायिक टाकी होती. घरोघरचं शेण-गोमूत्र, गूळ, बेसन त्यात घालून आम्ही जीवामृत हे पातळ खत करायचो आणि आपापल्या शेतासाठी वाटून घ्यायचो. वाटप माझ्याकडे होतं. त्या दिवशी रांगेत एक म्हातारी कॅन घेऊन उभी राहिली. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला तर आता शेत न्हाई, मंग हे कशाला?" ती म्हणाली, "शेण माझ्या गाईचं हाय न्हवं? मंग माझा वाटा दे." मी कॅन भरून दिला आणि ती तो कुठे नेते ते बघायला तिच्या मागे गेले. ती थेट आमच्या मोसंबीच्या बागेत शिरली. ती बाग आम्ही तिच्याकडूनच विकत घेतली होती. एकेका झाडाच्या बुडाशी वाकून ती जीवामृत ओतू लागली. मला बघून म्हणाली, "झाडं म्या लावलीत, पोरी. म्या बाग इकली, हे त्यांना काय ठाऊक?" तिला थांबवावं की तिचे आभार मानावेत, मला उमगेना. मी नुसता तिच्या हातातला जड कॅन धरला. ती गेल्यापासून मीच तिथे ओतते, पण त्या झाडांना आपली म्हणावं की नाही, ते अजून ठरत नाही.