नळाजवळची खुर्ची

"ग्रंथपालांच्या पोटाला माझं भाषण पचलेलं दिसत न्हाय," संस्थेचे अध्यक्ष माइकवरून म्हणाले.

सभागृह हसलं. ग्रंथपाल म्हणजे मी. साहेबांचा वाढदिवस होता. शाल, फेटा, तलवार, सगळं यथासांग. शिक्षणानं माणूस नम्र कसा होतो, हे ते तासभर सांगत होते. तेवढ्यात माझी पिशवी वाजली.

आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हापासून माझ्या पोटावर भोक आहे आणि त्यावर पिशवी चिकटवलेली. कायमची. तिचा आवाज दाबता येत नाही. म्हणून मी अक्कल लढवली होती: कार्यक्रम असला की आदल्या दिवसापासून काही खायचं नाही. पिशवी रिकामी, अब्रू शाबूत.

भाषणानंतर पंगत बसली. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा वास सुटलेला. शिपाई माझ्याजवळ आला. "सर, तुमचं तिकडं नळाजवळ मांडलंय. साहेब म्हणाले, बाकीच्यास्नी वास येतोय." त्यानं मान वर केली नाही. सगळ्यांना स्टीलची ताटं. मला कागदाची.

माझ्या वडिलांना लहानपणी मुरगूडकडच्या आमच्या गावात, लग्नाच्या पंगतीत गोठ्याशेजारी वाढत. एकदा ते भरल्या पानावरून उठले. पुन्हा त्या दारात गेले नाहीत. मी एम.ए. झालो, आयुष्यभर पुस्तकं लावली आणि नळापर्यंत पोचलो.

आणि मी बसलो. वडील उठले होते. मी बसलो.

पुढच्या तपासणीला मी उपासाचं सांगितलं, तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टर भडकल्या. "उपाशी राहून आवाज थांबतोय व्हय? रिकाम्या पोटातच वारं जास्त धरतंय. थोडं थोडं खावा, वेळेवर, चावून. लाज पोटाला न्हाय, तुम्हाला हाय."

म्हणजे त्या दिवशी सभागृहात वाजली ती माझी भूक होती.

सोमवारी बारा वाजता मी स्टाफरूमच्या मधल्या टेबलावर डबा उघडला. मऊ भात, दही, सालं काढलेला दुधी. दोघंजण डबे उचलून गेले. थोड्या वेळानं साहेबांचा निरोप आला: ग्रंथालयात जेवा.

"न्हाय. हितंच जेवणार."

रोज तिथंच जेवतो. रोज पिशवी वाजते. शेजारच्या खुर्च्या रिकाम्याच असतात, त्या भरतील असं वाटत नाही. आजार परत येणार नाही, असं डॉक्टरही म्हणत नाहीत. वजन गेलं ते गेलंच.

पण यांच्या नाकासाठी मी पुन्हा उपाशी राहणार नाही.