खुनी, पुरणपोळी आणि होणाऱ्या विहीणबाई

माझ्या हातात सध्या कोणतं पुस्तक आहे, हे आमच्या घरी पहिल्या घासालाच कळतं.

रडकी कादंबरी असली की आमटी खारट. (अश्रू पडत नाहीत हो, मीठ दोनदा पडतं!) प्रवासवर्णन असलं की मी हिमालयात आणि दूध गॅसभर! आरोग्याचं पुस्तक आणलं तेव्हा घरात नुसता दुधी नांदत होता. 'नाही म्हणायला शिका' छापाचं एक वाचलं, आणि भाजीवाल्या भैयापासून ह्यांच्या साहेबांपर्यंत सगळ्यांना नाही म्हणून आले. कवितासंग्रह मात्र घरच्यांना फार आवडतात. दोन कवितांत मला झोप लागते आणि जेवण आलमबागच्या हॉटेलातून येतं.

तर आमच्या सईचं जमलं इथल्याच, लखनौच्या मुलाशी. मुलगा गुणी, पण त्याच्या आईचा होकार अजून अडला होता. रविवारी जेवायला येते म्हणाल्या. "सुना है, आपके यहाँ पूरनपोली बहुत बढ़िया बनती है!" (कुणी सांगितलं, देव जाणे!)

सईनं हातच जोडले. "आई, प्लीज! उस दिन कोई किताब नहीं!"

"अगं, पण खुनाची गोष्ट नेमकी आत्ता रंगात आलीये!"

"आण इकडे. नाहीतर दुसरा खून आपल्याच घरात व्हायचा," हे म्हणाले. हे रेल्वेत इंजिनिअर, धोका लांबूनच ओळखतात. माझी हिंदी रहस्यकादंबरी हिसकावून त्यांनी कुठेतरी दडवली.

रविवारी विहीणबाई येऊन बाहेर सोफ्यावर बसल्या. पुरण छान जमलं होतं. पण मन थाऱ्यावर हवं ना! जमीनदाराला विष दिलं कुणी? माळ्यानं की डॉक्टरनं? पहिली पोळी तव्यावर टाकली आणि एकदम आठवलं, अहो, डॉक्टर डावखुरा होता!

"आई! जल रहा है!"

पोळीचा कोळसा! दुसरी घाईत फुटली, तिसरी पुन्हा काळी. पुस्तक हातात नसतानाही मी पोळ्या जाळू शकते, हा शोध मला त्या दिवशी लागला.

बाहेरून आवाज येईना. एवढ्या बोलक्या बाई, आणि चिडीचूप! धूर गेला असणार बाहेर. "गया रिश्ता," म्हणून सई रडकुंडीला आली. एकुलती एक लेक, आणि तिचं लग्न मी तव्यावर जाळलं!

शेवटी मन घट्ट करून ताट बाहेर नेलं. "माफ़ कीजिए, थोड़ी जल गई है."

विहीणबाईंनी वर न बघताच घास मोडला, तुपात बुडवला, तोंडात टाकला. "वाह, लाजवाब!" त्यांच्या मांडीवर माझी कादंबरी! (सोफ्याच्या उशीखाली दडवली होती ह्यांनी. धन्य!) पानं उलटत बाईंनी ती काळी पोळी संपवली आणि वर आणखी एक मागितली!

"बहनजी, मुझे तो माली पर शक है."

"छे! डॉक्टर! डॉक्टर!" मी शेजारी बसकणच मारली. तिथून जे वाद घातले आम्ही दोघींनी! सई आणि हे तोंडात बोट घालून बघत राहिले.

निघताना विहीणबाईंनी सईला पोटाशी धरलं. "बिटिया अब हमारी हुई." मग कादंबरी पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "इसे भी ले जा रही हूँ, हाँ!"

त्यांची गाडी कॉलनीच्या फाटकाबाहेर गेली आणि मला रडूच कोसळलं. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अगं, रडतेस काय? लेक कधीतरी परक्या घरी जायचीच."

मी पदरानं डोळे पुसले. काय सांगणार? शेवटची तीन प्रकरणं राहिली होती माझी!