दत्तारामभावजींची घडी

आमचे दत्तारामभावजी हातात येईल त्याची घडी घालायचे. वर्तमानपत्र, चादर, भाजीची रिकामी पिशवी, काहीही. काठाला काठ लावायचे, अंगठ्याने दाबायचे आणि मला हाक मारायचे, "वहिनी, बघा. मध्ये बोट शिरतंय का?" माझा भात स्टोव्हवर. मी कशाला बघते?

ते माझे धाकटे दीर. गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तयार कापडाच्या घड्या घालून तागे करायचे, हे त्यांचं काम. एकदा गठ्ठा अंगावर पडून डावा घोटा कायमचा अधू झाला. पायामुळे लग्न राहिलं असं सासूबाई म्हणत. मला वाटतं, जागेमुळे राहिलं. घोडपदेवच्या चाळीत आमची एक खोली. तीत मी, माझा नवरा, मुलं आणि भावजी. ते लोखंडी कॉटखाली झोपत. अधू पाय बाहेर राही. पहाटे पाणी भरायला उठणारा प्रत्येक जण त्याला अडखळे. सगळ्यात जास्त मीच. "भावजी, पाय आत घ्या," हे मी रोज म्हणायची.

गिरण्यांचा संप झाला आणि दोघे भाऊ घरी बसले. मिटेल, मिटेल म्हणत दोन दिवाळ्या गेल्या. नवरा कॉटवर पडून छताकडे बघायचा, भावजी खाली पडून कॉटच्या पट्ट्यांकडे. मी दोघांना ओलांडून स्वयंपाक करायची.

शेवटी भावजींना हिंदमाताला साडीच्या दुकानात काम लागलं. गिऱ्हाइकांनी उलगडलेल्या साड्यांच्या परत घड्या घालायच्या. चालून घोटा सुजायचा, म्हणून जुनी सायकल घेतली. ती महिन्याभरात चाळीखालून चोरीला गेली. गॅलरीत ठेवायला शेजारी देईनात. मग त्यांनी भंगारवाल्याकडून लहान चाकांची एक सायकल आणली. मधोमध बिजागरी होती. बोटीवरच्या कुणाची तरी होती म्हणे.

"ही मिटते, वहिनी."

"मिटून ठेवणार कुठे?"

"कॉटखाली."

"आणि तुम्ही?"

"मी तिच्या बाजूला."

पण ती मिटली तरी कॉटखाली जाईना. भावजी चाकाला चाक बरोबर जुळवायचे आणि हँडल नाहीतर पायडल आडवं यायचं. दुकानातून आले की हाच उद्योग. उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची. माझ्या चादरींना चेनचं काळं. नवरा म्हणायचा, "दत्तू, सायकल आहे रे ती. मांजरपाटाचा तागा नव्हे."

त्यातच थोरली सुरेखा बाळंतपणाला यायची होती. मी सरळ सांगितलं, "भावजी, रविवारपर्यंत ही कॉटखाली गेली नाही, तर भंगारात जाईल. पोरीचं अंथरूण कुठे घालू?"

"सायकल गेली की नोकरी गेली, वहिनी."

"ठाऊक आहे मला."

ठाऊक असूनच मी बोलले होते.

रविवारी सकाळी ते सायकलीसमोर फतकल मारून बसले. बराच वेळ हातच लावला नाही. मग उठून हँडल पूर्ण उलटं फिरवलं. सीट खाली दाबली, पायडल वर घेतलं आणि मिटली. चाकाला चाक जुळलं नाही, वीतभर पुढेमागे राहिलं, पण त्या फटीत पायडल बरोबर बसलं. सायकल चपटी झाली. कॉटखाली सरकवली, ती गेली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. भावजींचं तोंड मात्र उतरलेलं. "काठाला काठ नाही. असा तागा दिला असता, तर मुकादमानं तोंडावर फेकला असता."

"मुकादम आता घरी बसलाय," मी म्हटलं. "तुम्ही जेवायला बसा."

त्या घडीवर त्यांनी वीसेक वर्षं नोकरी काढली. गिरणी काही उघडली नाही. सुरेखा बाळ घेऊन सासरी गेली, माझा नवरा वारला, मुलाचं लग्न झालं, सून आली. भावजी कॉटखालीच. कधी विचारलं, "पुरते ना जागा?" तर म्हणत, "घडी नीट असली की पुरते."

दुकानातच छातीत कळ आली आणि गेले. हातात अर्धी मिटलेली साडी होती, असं मालक सांगत होता. तेरावं झाल्यावर मुलाने सायकल भंगारात दिली.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. मी कॉटखाली शिरले. सायकलीच्या चाकांनी फरशीवर काळा पट्टा पाडला होता. तो सोडून अलीकडे जेवढी जागा होती, तेवढ्यात आडवी झाले. कूस बदलता येईना. गुडघे पोटाशी घेतले, तर कॉटचा पाय पाठीला टोचायला लागला. सरळ केले, तर पाय बाहेर गेले.

तेवढ्यात सून भाजी घेऊन आली आणि माझ्या पायाला अडखळली.

"अगं बाई! आई, खाली काय करताय? पाय आत घ्या."

आत जागा नव्हती.