डावा डोळा आधी

कंपनीनं पीडीए हातात दिला तेव्हा मला स्वतःचाच हेवा वाटला. तळहाताएवढं यंत्र, पडद्यावर बारीक काडीनं टिचकी मारली की ऑर्डर आत. स्मार्टफोन अजून यायचे होते. मी अमरावतीच्या एका कारखान्याचा फिरता प्रतिनिधी होतो. आम्ही चष्म्याच्या काचा घासून द्यायचो. माझं काम दुकानादुकानांतून नंबर गोळा करायचे, संध्याकाळी यंत्र ऑफिसच्या संगणकाला जोडायचं आणि पुढच्या आठवड्यात तयार काचा पोचवायच्या. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना मी ते उगाच उघडून बसे. शेजारच्यानं विचारावं, एवढीच इच्छा. कुणी विचारत नसे.

गुरुवारी अकोला. तिथल्या एका म्हाताऱ्या चष्मेवाल्या काकांची रीत ठरलेली होती. गिऱ्हाईक समोर स्टुलावर बसलेलं असताना ते नंबर मोठ्यानं सांगत, मी वहीत लिहून तो मोठ्यानं परत म्हणायचा, मग काका म्हणत, "बराबर." तोवर पुढचं काम नाही. त्यातही काका डावा डोळा आधी सांगत. साऱ्या धंद्यात उजवा आधी असतो, पण गिऱ्हाइकासमोर बसलं की त्याचा डावा डोळा काकांच्या उजव्या हाताला येई, आणि उजव्या हातानं सुरुवात हा त्यांचा जन्माचा खाक्या होता. वहीत मी ते सांगतील तसं 'डा' आणि 'उ' लिहीत असे, म्हणून कधी अडलं नाही.

यंत्रात मात्र दोन चौकोन ठरलेले. वर उजवा, खाली डावा. नवलाईच्या भरात मी ऐकू येईल तसं वरून खाली भरत सुटलो. बहुतेकांचे दोन्ही डोळे सारख्याच नंबराचे, त्यामुळे चूक खपत गेली. परत म्हणणंही मी सोडून दिलं.

"मले आयकू तं दे," काका म्हणाले.

"काका, ते यंत्रात गेलं. आता म्हणायची गरज नाही."

काकांनी 'बराबर' न म्हणताच पुढचं काम घेतलं. मी जिंकलो असं मला वाटलं. मूर्ख माणसाला जिंकायला फार काही लागत नाही.

त्या दिवशी स्टुलावर एक रफूगर चाचा बसले होते. फाटलेलं कापड असं शिवायचे की फाटलं कुठं होतं ते मालकालाही सापडू नये. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दोन डोळ्यांच्या नंबरांत बरंच अंतर. जवळचं बघायचा साधा चष्मा, गोल फ्रेमचा. पुढच्या गुरुवारी मी काचा दिल्या. पाकिटांवर उजवा-डावा लिहिलेलं होतं, काकांनी तशाच बसवल्या आणि चाचांना सांगितलं, चार दिवस सवय होऊ द्या.

त्यानंतरच्या गुरुवारी गाडीतल्या खिळ्यानं माझी पॅन्ट फाडली आणि मी दुसरी घालून, ती पिशवीत घेऊन चाचांकडे गेलो. ते एका माणसाला त्याची शेरवानी तशीच परत देत होते. माझ्या पिशवीलाही त्यांनी हात लावला नाही.

"दुसरीकडं ने भाऊ. माही नजर गेली. नवा चश्मा लावला तरी सुईचं नाकं दिसून नाई राहिलं."

"काकांना सांगितलं का?"

"त्यायले काय सांगू? चश्मा नवा हाये. डोयाच जुना झाला."

मी यंत्र काढून त्यांची ऑर्डर उघडली. उजवा साडेचार, डावा अडीच. आणि काकांचा आवाज कानात आला: डावा साडेचार. मी चाचांचा चष्मा घेतला, खालचा वर करून उलटा केला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरून उभा राहिलो. उजवी काच डावीकडे गेली, डावी उजवीकडे.

"आता बघा चाचा."

त्यांनी बराच वेळ सुईकडे पाहिलं. मग दोरा ओठांत ओला केला आणि एका दमात ओवला.

"आठ दिस झाले, रोज नमाजात अल्लाले इचारून राहिलो, काहून नेली म्हून," ते हळू म्हणाले. "त्यानं त काईच नेलं नोतं."

ते माझ्याकडे बघतही नव्हते, म्हणून मलाच बोलणं भाग होतं. "चाचा, चूक माझी आहे. नंबर मी उलटे भरले." मला फार लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

त्यांना राग आला असेल, तर त्यांनी तो सुईबरोबर उशीत टोचून ठेवला. मला म्हणाले, "त्या दिशी काकायनं नंबर सांगतला, त मी थांबलो होतो. तू म्हनशील म्हून. तू म्हनलाच नाई. मले वाटलं, आता तशी रीत नसंल." मग ताठ बसले. "आता म्हन."

मी म्हणालो, "डावा साडेचार. उजवा अडीच."

"बराबर," चाचा म्हणाले, आणि माझ्या पिशवीतली पॅन्ट ओढून घेतली.