वालूरचं घटिकापात्र

आज सुनेनं चिंचेनं हंडा घासला आणि ओल्या तांब्याच्या त्या आंबूस वासानं मला वालूरच्या एका ओसरीवर नेऊन बसवलं.

संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. मला विज्ञानाच्या इतिहासावरचा पहिला लेख लिहायचा होता. गावच्या जोशीबुवांनी विश्वासानं घटिकापात्र हाती दिलं. तळाला बारीक भोक असलेली ती तांब्याची वाटी पाण्यात सोडली, की चोवीस मिनिटांनी बुडे. लग्नाचे मुहूर्त बुवा तिच्यावरच धरत. फोटोत उठून दिसावी म्हणून मी ती चिंचेनं लख्ख घासली, भोकातला मळ सुईनं कोरून काढला आणि मग वेळ मोजली. एकोणिसाव्या मिनिटालाच वाटी घंगाळात गुडुप झाली.

"माझं स्तोत्र संपायच्या आतच बुडायलंय," बुवा पुटपुटले. "आजवर बरोबर जुळायचं. वय झालं, सर. माझंच म्हणणं मंदावलं असंल."

सुई अजून माझ्या चिमटीत होती.

"असेल, बुवा," मी म्हणालो.

जुन्यांचं कालमापन ढोबळ होतं, असं मी लेखात लिहिलं. त्या लेखावर मला प्राध्यापकी मिळाली. बुवांनी मात्र त्यानंतर एकाही लग्नाचा मुहूर्त धरला नाही.