सासूचा उजवा हात

ही गोष्ट नवऱ्याला मरेपर्यंत कळली नाही. पोरांनाही माहीत नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगते आहे.

आधी बापाचं सांगते — नाहीतर तुम्ही मला नुसती दुष्ट म्हणाल. म्हणा, तेही खोटं नाही.

बाप साक्रीकडचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मला माहेरी न्यायला धुळ्याला, आमच्या देवपूरच्या घरी आला. बशी हातात धरून बसला आणि हात हलून चहा धोतरावर सांडला. सासू शेजारच्या बायकांसमोर म्हणाली, "याही सकायपासून पीसन उनात वाटस." बायका हसल्या. बापाने जन्मात दारूला हात लावला नव्हता. पेताडासोबत सून धाडायची नाही, असं तिने सांगून टाकलं. तो एकटाच एसटीने परत गेला. पुन्हा माझ्या दारात आला नाही.

ती दारू नव्हती, बापाला कंपवात झाला होता. पुढे डॉक्टरांनी मला समजावलं — नुसतं बसलं की हात हलतो, कामाला लावला की थांबतो. चालताना एक हात झुलत नाही. पावलं आखूड पडतात. वास येईनासा होतो. मी सगळं पाठ केलं. बापाला मात्र फार उशीर झाला होता.

सहा-सात वर्षांनी सासूला करपलेल्या दुधाचा वास आला नाही. मग ओट्यावर बसली की तिच्या उजव्या हाताची बोटं वात वळल्यासारखी हलू लागली. मला कळलं नसेल? पहिल्याच दिवशी कळलं. नवऱ्याने विचारलं, आईला दाखवून आणू का? मी म्हणाले, "म्हातारपण आहे. सगळ्यांचेच हात हलतात."

दोन वर्षं — दोन वर्षं मी गप्प बसले. तेवढ्यावरही थांबले नाही. नणंदेच्या पोरीच्या साखरपुड्याला मांडे करायला मुद्दाम तिलाच बसवलं. दोन्ही हातांवर फिरवत मांडा मोठा करायचा आणि खापरावर टाकायचा — गल्लीत तिच्यासारखे कुणाला जमत नसत. त्या दिवशी हात ताठरला. मांडा फाटून चुलीत पडला. शेजारच्या त्याच बायका मी बोलावून आणल्या होत्या. त्या हसल्या. मला गोड लागलं.

शेवटी ती अंगणात पडली, तेव्हा दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून? मी म्हणाले, पंधरा दिवस झाले.

गोळ्या लागू पडल्या. महिनाभरात ती स्वतःची वेणी स्वतः घालू लागली. सून होती म्हणून वाचले, असं गल्लीभर सांगत फिरली. मी ऐकून घेतलं. तिची वेणी पाहून मला रागच येत होता.